तावदानातून येणारा हात

काइके टाडसनला हात ओळखता येत, चेहऱ्यांपेक्षाही चांगले. चोवीस वर्षं बेटावरची एकटी नर्स म्हणून फिरताना तिने इथल्या प्रत्येकाचं मनगट इतक्यांदा धरलं होतं, की डोळे मिटून असताना कुणी हात पुढे केला तरी तो कुणाचा ते तिने सांगितलं असतं. निदान तिचा तसा समज होता. साथीच्या पहिल्या हिवाळ्यात, बांडिक्सन भावांच्या खिडकीशी, तो समज गेला.

बेट म्हणजे तरी काय? भरतीच्या पाण्याहून हातभर उंच अशी गवताची चटई. तिच्यावर माती वाहून रचलेली सहा टेकाडं, आणि टेकाडांवर गवती छपरांची घरं. वायव्येचा वारा सुटला की समुद्र चटई गिळतो, टेकाडं तेवढी वर राहतात. याला सगळे भुईबुड म्हणतात, आणि किनाऱ्यावरची माणसं 'आज रविवार' म्हणतात त्याच सुरात म्हणतात. संध्याकाळ झाली की प्रत्येक टेकाडावर खिडकीत एक दिवा लागतो. पडदा ओढण्याआधी समोरचे पाच दिवे मोजायचे. पाच भरले तर पडदा ओढायचा. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही, आणि ती मोडलेली कुणी पाहिली नाही.

काइके इथलीच. बाप बांधाच्या कामावर, आई मेंढ्यांमागे. शिकायला किनाऱ्यावर गेली, तिथल्या एका मोठ्या इस्पितळात बारा वर्षं राबली, एक लग्न केलं, मोडलं, आणि चौतिसाव्या वर्षी एक सायकल आणि दोन बॅगा घेऊन परत आली. लोक म्हणाले, आली ते बरं झालं, पण टिकायची नाही. ती टिकली. बोटात रुतलेले गळ काढले, म्हाताऱ्यांची नखं कापली, अडलेल्या बाईला बोटीत घालून किनारा गाठला. ती फार बोलत नसे. इथे बोलण्यावर भरवसा ठेवून चालतच नाही. 'बरं नाही' असं म्हणायची या बेटाला सवय नाही. पाय मोडून पडलेला माणूससुद्धा विचारल्यावर 'चाललंय' म्हणतो. म्हणून तिने माणसांचं बोलणं ऐकायचं सोडलं आणि त्यांच्या नाड्या ऐकायला लागली.

वसंतात साथीचा पहिला रुग्ण निघाला. मारेन लोरेन्झन, शाळेतून निवृत्त झालेली बाई. ताप होता, थोडा खोकला होता, आणि कुणालाच काही ठाऊक नव्हतं. काइकेने स्वतः तिला हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. "चार दिवसांत परत येशील," असंही म्हणाली. मारेन एकोणीस दिवसांनी परत आली, टपालाच्या बोटीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेल्या राखेच्या एका डब्यातून. कप्तानाने खोकं आपल्या शेजारच्या बाकावर पट्ट्याने बांधलं होतं. धक्क्यावर कुणी काइकेला काही म्हणालं नाही. इथे न म्हणणं हेच म्हणणं असतं.

त्या दिवसापासून तिने एक ठरवलं. किरकोळ आजारी असेल त्याला घरातून हलवायचं नाही. ती रोज दोनदा प्रत्येक खिडकीशी जाईल, ताप बघेल, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघेल, सूप आणि पाव दारात ठेवील, आणि संध्याकाळी सगळे आकडे किनाऱ्यावरच्या डॉक्टर हिन्रिक्सना फोनवर सांगेल. चौऱ्याण्णवच्या वर असेल तो घरी. त्याच्या खाली घसरला तर बघू. बेटाने हे मुकाट्याने मान्य केलं. "काइके पाठवत नाही," असं लोक एकमेकांना सांगत, आणि ती ते ऐकून सुखावत असे. हे सुखावणं पुढे तिने स्वतःला माफ केलं नाही.

डिसेंबरात एका ऐंशीव्या वाढदिवसाच्या कॉफीला साथ केकबरोबर वाटली गेली. नऊजण आजारी पडले. त्यांत मेल्फ आणि इंगवर हे बांडिक्सन बंधू होते. थोरला मेल्फ अठ्ठ्याहत्तरचा, धाकटा इंगवर पंचाहत्तरचा. दोघांनी लग्न केलं नव्हतं. पश्चिमेकडच्या शेवटच्या टेकाडावर, आईबापांच्याच घरात, ते साठ मेंढ्या आणि एक कायमचं भांडण पाळून राहत होते.

पहिल्या दिवशी दोघं खिडकीत शेजारी शेजारी उभे राहिले, शाळेतल्या फोटोला उभे राहावेत तसे. खिडकीचं एक लहान तावदान तेवढं उघडत असे. तेवढ्यातून हात बाहेर येई.

"मोइन," काइके म्हणाली. सकाळ असो की रात्र, बेटावरचा नमस्कार तेवढाच. "काय म्हणताय?"

"चाललंय," दोघं एकदम.

"ताप?"

"आहे थोडा," मेल्फ म्हणाला. "शेगडीचं तेल वाचतंय."

"तोंडाला चव?"

"पन्नास वर्षं याच्या हातचं खातोय मी. चव गेली तेव्हा कुठे जेवण बरं लागायला लागलं."

"उद्यापासून स्वतः शिजव," इंगवर म्हणाला. "मग मेंढ्यासुद्धा तिला फोन करतील."

इंगवर शहाण्णव. मेल्फ पंच्याण्णव. मेल्फच्या आकड्यावर काइकेचा भरवसा होता, कारण त्याच्या मनगटावर तिने दोन बोटंही ठेवली होती. मेल्फची नाडी अकरा वर्षं लंगडत होती. दोन पावलं टाकायची, थबकायची, मग तीन पावलं धावत घ्यायची. तशी नाडी साऱ्या बेटावर दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी तो चौऱ्याण्णववर आला. "पालथा झोपत जा," ती म्हणाली. "पालथा झोपलो तर याचं घोरणं बघायला कोण जागणार?" तो म्हणाला. तिला हसू आलं.

तिसऱ्या दिवशी बोटीतून किनाऱ्याची पेटी आली. आत पांढरे, डोक्यापासून पायापर्यंतचे झगे, चेहऱ्यापुढे धरायच्या पारदर्शक ढाली, निळे हातमोजे. तोवर ती साध्या मास्कवर आणि डोक्याला आपली लाल लोकरीची टोपी घालून फिरत होती. आता टोपी गेली. पाऊस होता म्हणून झग्यावरून तिने बापाचा जुना काळा मेणकापडी कोट चढवला. ढालीवर वाफ धरत होती, वाफेवरून पावसाचे ओघळ. आरशात तिने पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

कारण त्या दिवशी पहिल्यांदा कुत्रे तिच्यावर भुंकले. ज्यांच्या पायातले काटे तिने काढले होते ते कुत्रे. मेंढ्या वाट सोडून लांब गेल्या. मधल्या टेकाडावरच्या एका बाईने तिला येताना पाहिलं आणि हात छातीशी नेला, मग ओळख पटून कसनुसं हसली. एरवी हिवाळ्यात बेट गप्प असतंच, पण ही शांतता वेगळी होती. दारं बंद, धुराडी चालू, आणि मधल्या ओल्या गवतावरून एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाणारी एकटीच आकृती. तिला मधूनच वाटे, आपल्या मागून आणखी कुणी चालतंय. ते तिच्याच झग्याचं सळसळणं होतं. तरी ती वळून बघे.

दुपारचे तीन. उजेड पाण्यात दूध घातल्यासारखा झाला होता. बांडिक्सनांच्या खिडकीला पडदा होता.

"उजेड डोळ्यांना लागतो," आतून इंगवरचा आवाज आला. तावदान उघडलं, पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. तिने चिमटा लावला. सत्त्याण्णव. हात आत गेला. थोडी कुजबुज, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दुसरा हात आला. सत्त्याण्णव.

"मेल्फ, हा तुझाच का रे आकडा?" ती आनंदाने ओरडली.

आतून, खोलीच्या पार टोकाकडून, मेल्फ हसला. मग हलक्या आवाजात कुणाशी तरी बोलायला लागला.

"कुणाशी बोलतोय?"

"रेडिओशी," इंगवर म्हणाला, आणि हात पटकन ओढून घेतला.

संध्याकाळी फोनवर डॉक्टर हिन्रिक्स म्हणाले, "सत्त्याण्णव? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पाईप ओढणारा? काइकेबाई, तुमच्या बेटाची हवा बाटल्यांत भरून विका."

चौथा दिवस तसाच. पाचवा तसाच. पडदा, फट, हात; हात, फट, पडदा. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. त्या खिडकीशी उभं राहिलं की तिच्या पाठीवरून काहीतरी थंड सरकत असे, आणि ती म्हणे, कोट गळतोय. ती आकडे लिहून घेई आणि हलक्या पावलांनी परत फिरे. बाकीचे सात सुधारत होते. मेल्फ तर सगळ्यांत लवकर. मारेनच्या खोक्यासमोर ठेवायला तिच्याजवळ आता काहीतरी होतं.

पाचव्या संध्याकाळी तिने आकडे वाचून दाखवले, तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणि थोरल्याची नाडी? ती तर अनियमित होती ना? गोळ्या चालू आहेत?"

काइकेने लिहिलेल्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं.

चिमट्यावर आकड्याशेजारी एक बारीक रेघ असते, नाडीबरोबर वरखाली होणारी. तीन दिवस ती रेघ तिच्या डोळ्यांपुढे होती. वर, खाली. वर, खाली. भिंतीवरच्या घड्याळासारखी, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. दोन्ही हातांवर तशीच. अकरा वर्षांचं लंगडणं तीन दिवसांत बरं होत नाही.

मग तिला हात आठवले. पहिला नेहमी डावा. दुसरा नेहमी उजवा. दोन्हींवर तेच पिंगट ठिपके, दोन्हींच्या नखांत तोच काळा वंगणाचा मळ. दोन माणसं चार हातांची असतात. तिला तीन दिवस दोनच हात दिसले होते.

"काइकेबाई?"

"पुन्हा फोन करते," ती म्हणाली.

वाट तेव्हा पाण्याखाली होती, सकाळपर्यंत पाणी उतरणार नव्हतं. तिने बांडिक्सनांना फोन लावला. इंगवरने उचलला. "चाललंय," तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"मेल्फला दे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर. मग मेल्फचा आवाज, प्रसन्न, जवळजवळ तरुण. "काइके! मला काय... धाड भरलीये? सतरा वर्षांचा... झाल्यासारखं वाटतंय." दर तीन शब्दांना तो थांबत होता, आणि थांबतोय हे त्याला कळत नव्हतं. "फक्त तो बाहेर... उभा राहतो ना, त्याला सांग... येऊ नको म्हणावं."

"कोण उभा राहतो?"

फोन बंद झाला.

ती खिडकीशी गेली. पाणी शिसवी झालं होतं, आणि पलीकडे पश्चिमेला बांडिक्सनांचा दिवा लागलेला होता. तिने तो मोजला. पाच भरले. पण पडदा ओढायला तिचा हात उठेना.

सकाळी अंदाज आला: दुपारच्या भरतीला भुईबुड, एक वाजल्यापासून वादळ. डॉक्टर म्हणाले, एकपर्यंत हेलिकॉप्टर येऊ शकतं, त्यानंतर दोन दिवस नाही. काइकेने ऑक्सिजनची लहान टाकी पाठीला बांधली, हातात काठी घेतली आणि नऊ वाजता निघाली. वाट अजून पोटरीभर पाण्यात होती. मध्येच एका खळग्यात ती मांडीपर्यंत गेली. टेकाड चढून खिडकीशी उभी राहिली तेव्हा कोटाच्या कडांतून, बुटांच्या तोंडांतून खारं पाणी ठिबकत होतं.

पडदा. फट. डावा हात. सत्त्याण्णव.

मग उजवा हात आला. तिने चिमटा लावला नाही. तो मनगटाशी धरला आणि दोन बोटं टेकवली. टक. टक. टक. टक.

"इंगवर," ती म्हणाली, "हा तुझा आहे. मेल्फचा कुठाय?"

हात सुटायला धडपडला नाही. तिच्या मुठीत तो नुसता थंड होत गेला.

"तो देत नाही," इंगवर पडद्याआडून म्हणाला.

"का देत नाही?"

"म्हणतो, गोंगरला हात द्यायचा नसतो."

हे या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाला बोलायला लागायच्या आधी कळतं. समुद्रात बुडालेला माणूस आपलं मरण सांगायला येतो तो गोंगर. दिवेलागणीला येतो, भिजलेल्या कपड्यांनी, बसतो त्या जागी खाऱ्या पाण्याचं थारोळं ठेवून जातो. सख्ख्यांना दिसत नाही, दूरच्या नात्यातल्यांना दिसतो. त्याने हात पुढे केला तर घ्यायचा नाही. हात भाजतो, काळा पडतो, गळून जातो.

"कोण गोंगर?" काइकेने विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं.

"तू," इंगवर म्हणाला.

वारा क्षणभर पडला. टेकाडाखाली पाणी गवताला लागल्याचा चुळचुळ आवाज येत होता.

"तिसऱ्या दिवशी तू हाक मारत टेकाड चढलीस तर तो मागे मागे भिंतीपर्यंत सरकला, मला पडदा ओढायला लावला. म्हणाला, काइकेच्या आवाजात बोलतंय, पण चेहरा नाही. आई सांगायची, हात रिकामा परत गेला की ते घरात येतं. मग एक हात तरी द्यायला हवा ना? माझे दोन होतेच."

"अरे, मला सांगायचंस!"

"काय सांगायचं? तू मेलीस म्हणून?" त्याचा आवाज चिरकला. "आमच्या आजीच्या चुलतभावाची नात तू. नातं नेमकं तेवढ्याच अंतराचं. मी हसण्यावारी नेलं पहिल्या दिवशी. पण कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला, पोरी. रोज तू गेलीस की मी तुझ्या टेकाडाकडे बघत बसायचो, दिवा लागेपर्यंत. लागला की म्हणायचो, आहे. जिवंत आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ते खिडकीत यायचं."

"पडदा सार," ती म्हणाली.

मेल्फ आत निळ्या फरशांच्या भिंतीला टेकून खुर्चीत ताठ बसला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. चेहरा हसरा. ओठ मात्र जांभळं खाल्ल्यासारखे, आणि गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. धाप लागल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. बुडणाऱ्या माणसाला आपण बुडतोय हे कुणी सांगायचं विसरून गेलं होतं.

"आला बघ," तो इंगवरला म्हणाला, समजुतीच्या सुरात. "दार उघडू नकोस. त्याच्या... पायाखाली बघ."

काइकेने खाली पाहिलं. तिच्या बुटांभोवती थारोळं साचलं होतं. तिने नकळत बोट ओठाला लावलं. खारट. आणि त्या क्षणी, एका श्वासापुरतं, तिला स्वतःची खात्री वाटेना. वाटेवरच्या त्या खळग्यातून आपण खरंच बाहेर आलो का?

तिने भिंतीआड होऊन फोन केला. डॉक्टरांनी ओठांचा रंग ऐकला आणि हेलिकॉप्टर सोडलं. "अर्धा तास. त्याला दाराबाहेर आणून ठेवा. पण झटापट करू नका, तेवढ्याने त्याचं हृदय थांबेल. त्याला आपण होऊन यायला हवं."

"इंगवर, दार उघड."

"नाही उघडता येत. शपथ घातलीये त्याने."

अर्धा तास. तिने ढाल काढली. टोपडं मागे टाकलं. मास्क उतरवून खिशात कोंबला. वाऱ्याने पिकलेले केस तोंडावर आले, ते मागे सारून ती तावदानाशी उभी राहिली, अठ्ठावन्न वर्षांचा ओला, थकलेला, उघडा चेहरा घेऊन.

"मेल्फ. मी काइके. बघ."

मेल्फने बराच वेळ पाहिलं. डोकं एका बाजूला कलतं करून, बाजारात मेंढी बघावी तसं.

"चेहरा काय," तो म्हणाला, "कुणीही... घालतं."

"अरे, तुझ्या पायाची नखं मी कापते! गेल्या महिन्यात शिव्या घातल्यास मला!"

"गोंगरला... सगळं ठाऊक असतं. त्यासाठीच... तो गोंगर."

इंगवर भिंतीला लागून रडत होता, आवाज न करता. कुठे तरी, फार लांब, पंख्याची घरघर सुरू झाली. की वाराच होता तो. समजूत घालण्याचे सगळे शब्द किनाऱ्यावरचे होते. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि आपला उघडा उजवा हात तावदानातून आत घातला.

"बरं," ती म्हणाली. "आहे मी गोंगर. दे हात."

"काळा पडेल."

"मेल्फ, तो पडलाय. तुझा हात बघ."

मेल्फने मांडीवरचा हात उचलला, डोळ्यांजवळ नेला. नखं काळीनिळी होती, बोटांची टोकं शाईत बुडवल्यासारखी. त्याने तो उलटा केला, सुलटा केला.

"इंगवर," तो म्हणाला. "हे कधी झालं?"

"झालं खरं," इंगवर म्हणाला.

"मी तर... दिला नव्हता."

"आता झालंच आहे," काइके म्हणाली, "तर मग जपायचं काय राहिलं?"

मेल्फ विचारात पडला. मग त्याच्या तोंडावर ते जुनं, शेजाऱ्याची मेंढी आपल्या कळपात सापडल्यावरचं हसू आलं. "हे मात्र... खरं बोललास," तो म्हणाला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, खोली ओलांडून आला, आणि त्याने आपला उजवा हात तिच्या हातात दिला. बर्फासारखा. तिने दुसऱ्या हाताने चिमटा लावला. एकाहत्तर. रेघ उठली, थबकली, मग तीनदा धावली.

"इंगवर," ती म्हणाली, "त्याने दिला. तुझी शपथ फिटली. दार उघड."

दार उघडलं. तिने मेल्फच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बांधला तेव्हा तो मास्कआडून म्हणाला, "आता मलाही... चेहरा नाही." हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा टेकाडाच्या पायथ्याशी गवत दिसेनासं झालं होतं. तो चालत गेला. सबंध वाट त्याने तिचा हात सोडला नाही, आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. या खेपेला काइकेने कुणालाही किती दिवसांत परत येशील ते सांगितलं नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी तिला ताप आला. येणारच होता. तिचा आजार किरकोळच निघाला. पण ती एकटी, आणि खिडकीशी यायला बेटावर दुसरी नर्स नव्हती. इंगवर एव्हाना बरा झाला होता. तो तिचा पांढरा झगा आणि ढाल घालून, वरून आपला कोट चढवून, रोज दुपारी पाण्यातून यायचा, तावदानावर टकटक करायचा आणि चिमटा पुढे करायचा. तिला आकडे ठाऊक होते, साथ ठाऊक होती, इंगवर ठाऊक होता. तरी दर दुपारी, दिवस मावळताना ती ओली बिनचेहऱ्याची आकृती काचेपलीकडे उभी राहिली, की ती आधी म्हणे, "काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"मेंढ्यांनी तुला मोइन सांगितलंय."

मग ती हात बाहेर काढी. या गोष्टीबद्दल दोघांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही.

मेल्फ फेब्रुवारीच्या शेवटी परत आला. बोटीतून, बाकावर बसून, पट्ट्याशिवाय. निम्मा झाला होता. धक्क्यावर अर्धं बेट उभं होतं, अंतर राखून. त्या वर्षी कुणी कुणाचा हात हातात घेत नव्हतं, कोपराला कोपर लावत. मेल्फने कप्तानाला कोपर लावलं, भावाला कोपर लावलं, आणि "मेंढ्या बारीक झाल्यात," असं म्हणाला. मग काइकेसमोर येऊन दोन पावलांवर थांबला. त्याचा उजवा हात खिशात होता.

तिने लाल टोपी घातली होती. मास्क होता, पण साधा. आभाळ निरभ्र होतं, आठवडाभर पाऊस नव्हता. मेल्फने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो तिच्या बुटांकडे पाहत राहिला, बुटांखालच्या फळ्यांकडे. फळ्या कोरड्या होत्या. तरी तो पाहत राहिला, ओल कुठून तरी फुटतेय का ते बघत.

"मोइन," शेवटी तो म्हणाला.

"मोइन, मेल्फ. काय म्हणतोस?"

"चाललंय."

आणि मग, सगळ्यांच्या देखत, नियम मोडून त्याने हात पुढे केला. डावा. उजवा खिशातच राहिला. काइकेने त्याबद्दल काही विचारलं नाही. तिने तो डावा हात धरला, आणि सवयीने, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, दोन बोटं मनगटावर सरकवली.

दोन पावलं. थबकणं. मग तीन, धावत.

तोच होता.